त्या खडकावर एक पट्टा ओढू द्या

मा. जिल्हाधिकारी, नाशिक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाऊस वाढला की धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. रविवारी काही उत्साही मंडळी काय करतात ते पाहिलंय, म्हणून आदेशावर माझं भांडण नाही. पण बंदीचा फलक लागतो तो डांबरी रस्त्यावर. नदी तिथून दोन तास आत असते.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण हरसूल-पेठ पट्ट्यात, दमणगंगेच्या खोऱ्यात चालत होतो. सकाळी एक ओहोळ ओलांडला, तेव्हा पाणी जेमतेम गुडघ्याला लागलं. दुपारी दोनच्या सुमारास परत त्याच जागी आलो. डोक्यावर चक्क ऊन होतं. बूट काढून पाण्यात पाय घालणार, एवढ्यात पलीकडे गुरं राखणाऱ्या पोराने हाक मारली, "दादा, थांबा! पाण्याचा रंग बघा."

पाणी चहासारखं झालं होतं. त्यावर सागाची पानं आणि काटक्या वाहत येत होत्या. पात्राच्या मधोमध बसलेल्या म्हशीएवढा काळा खडक होता. पोरगा म्हणाला, त्याची पाठ बुडाली की आमच्यातलं कुणीच उतरत नाही. वीस मिनिटांत पाठ बुडाली. त्यानंतर जो आवाज सुरू झाला, तो अजून कानात आहे.

आपल्याला नदी म्हटलं की गोदावरी आठवते. ती १,४६५ किलोमीटर सावकाश चालत बंगालच्या उपसागराला जाते. दमणगंगा सह्याद्रीच्या दुसऱ्या अंगाने उतरते आणि अवघ्या १३१ किलोमीटरमध्ये अरबी समुद्र गाठते. वर डोंगरावर पाऊस कोसळला की खाली उन्हातही लोंढा येतो, तो यामुळेच. मोबाइलवरचा हवामानाचा इशारा तिथे कामाचा नाही, कारण रेंजच नसते.

आम्ही पाच तास अडकलो. आमच्याच काठावर एक बाई कडेवर तापाने फणफणलेलं मूल घेऊन थांबली होती. तिने पदरातली नागलीची भाकर आम्हालाही तोडून दिली. (आमच्या पाठपिशव्यांत चॉकलेटं होती, ती काढायची लाज वाटली.) आमची ती एका रविवारची गंमत होती. तिचा मात्र हा पावसाळाभराचा रस्ता.

साकव, म्हणजे ओढ्यांवरचे छोटे पूल, हवेतच, ते आपण जाणता. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका लाकडी बल्ल्यांवरून तास नदी ओलांडताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिल्या. जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल आला आणि त्याच पावसाळ्यात पुरात गेला. पाणी कुठवर चढतं हे तिथल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं. पुलाची उंची ठरवण्याआधी त्यांच्याशी घटकाभर बसायला अभियंत्यांना सांगा.

पण साकवाला निधी लागतो, निविदा लागते. मी मागतोय ते त्याहून फार स्वस्त आहे. नदी पायी ओलांडायच्या अशा प्रत्येक उताराजवळ गावकऱ्यांचा एक खडक ठरलेला असतो. त्यावर लाल पट्टा ओढून घ्यावा आणि शेजारी मराठीत दोन ओळी लिहाव्यात: पट्टा बुडाला, उतरू नका. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आपणच आहात. 'आपदा मित्र' या सरकारी योजनेतलं, आपत्तीत मदत करण्याचं प्रशिक्षण प्रत्येक पाड्यावरच्या त्या गुराख्या पोरासारख्या दोन-दोन तरुणांना द्यावं, आणि शनिवार-रविवारी उतारावर थांबण्याची मजुरीही द्यावी. फुकट पुण्य करायला त्यांच्याकडे वेळ नाही, आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस असतात. बाहेरच्या भटक्यांनी त्यांच्याशिवाय खोऱ्यात उतरू नये, असा नियम करा. आम्ही पैसे मोजू. सरसकट बंदी घातली की ज्या घरात आम्ही पिठलं-भाकरी खातो, त्या घराचे दोन पैसेही बुडतात.

कळावे,
आपला,
नाशिकचा एक भटक्या

ता. क.: त्या काळ्या खडकासाठी रंगाचा डबा आणि ब्रश आम्ही आणतो. जागा वनखात्याची असेल, तर परवानगीचं तेवढं आपण पाहावं.