टायमिंग चेनच्या तक्रारीकडे दुर्लक्ष होऊन इंजिन निकामी झाल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

महोदय,

पिस्टनने फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारी माझ्या गाडीची टायमिंग चेन दात सोडून सरकली, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले आणि चालत्या गाडीत इंजिन बंद पडले. आपल्या सर्व्हिस सेंटरने अहवालात कारण लिहिले आहे, ‘मालकाकडून देखभालीत हयगय’. हे कारण मला मान्य नाही.

थंड इंजिन चालू केले की पहिले दोन-तीन सेकंद खडखड होते आणि मग थांबते, हे मी सर्व्हिसिंगच्या वेळीच सांगितले होते. जॉबकार्डवर ती तक्रार आहे आणि तिच्यापुढे ‘आवाज नॉर्मल’ असा शेराही आहे. तपासले कधी, तर मी गाडी चालवत आणल्यावर, इंजिन गरम असताना! चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की दाब उतरतो आणि टेन्शनर झिजलेला असेल, तर दाब पुन्हा चढेपर्यंत सैल चेन गाईडवर, म्हणजे तिला वाट देणाऱ्या पट्टीवर, आपटते. हा आवाज ऐकायचा तर गाडी रात्रभर ठेवून घेऊन सकाळचा पहिला स्टार्ट ऐकावा लागतो. तेवढी तसदी कोणी घेतली नाही.

पुढे चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी००१६ हा कोड आला, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नव्हता. सेंटरने कॅमचा सेन्सर बदलला, कोड पुसला आणि गाडी माझ्या हवाली केली. सेन्सर बिचारा खरे तेच सांगत होता. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण ती बहुतेक झिजलेली असते. कड्यांमधल्या पिना आणि बुश झिजून प्रत्येक कडीत जरासे ढिलेपण येते, ते साठत जाऊन चेन लांबते आणि कॅम मागे पडतो. स्कॅनरवर दोन्हींच्या कोनांतला फरक पाहिला असता, तर कव्हर न उघडताही चेनचा संशय आला असता. त्या टप्प्यावर काम चेन, टेन्शनर आणि गाईड बदलण्यावर भागले असते. आज इंजिनाचे हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावे लागते आहे.

आता हयगयीबद्दल. ऑइल आणि फिल्टर मी आपल्या पुस्तिकेतल्या अंतराने, आपल्याच सेंटरमध्ये, आपण सांगितलेल्या ग्रेडचे बदलून घेतले आहेत. पावत्या जोडल्या आहेत. त्याच पुस्तिकेत चेनबद्दल ‘इंजिनाच्या आयुष्यभर टिकते, देखभालीची गरज नाही’ असे छापले आहे. ज्या भागाला देखभाल लागत नाही असे आपण लिहून देता, त्याच्या देखभालीत मी हयगय कशी केली, हे कृपया लेखी कळवावे.

दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात तर फक्त नवी चेन आणि वाकलेले व्हॉल्व्ह धरले आहेत. टेन्शनर, गाईड, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके) यांचा उल्लेखही नाही. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की तीही लवकर झिजणार. गाईडचे प्लास्टिकचे तुकडे खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये पडले असतील, तर ते ऑइल गाळणाऱ्या स्ट्रेनरला अडकून ऑइलचा दाब पुन्हा कमी होईल. म्हणून पूर्ण किट बसवावे, चेंबर उतरवून स्ट्रेनर साफ करावा आणि जे बोल्ट एकदाच वापरायचे असतात ते नवे घालावेत. क्रँक आणि कॅम जागेवर धरणारे टायमिंग लॉकिंग टूल लावूनच किट बसवावे. नंतर टूल काढून, स्टार्टर मारण्यापूर्वी, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते बघावे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो, त्यामुळे एका फेऱ्यावर थांबून चालत नाही. शेवटी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) मोजून आकडे मला द्यावेत.

हा सगळा खर्च कंपनीने उचलावा. वॉरंटीची मुदत संपल्याचे सेंटर आता सांगते आहे, पण आवाजाची तक्रार मुदतीतच नोंदली गेली आहे. जॉबकार्डवरची तारीख पाहावी. तसेच पुस्तिकेतले ते वाक्य बदलून थंड स्टार्टचा आवाज आणि कॅमच्या कोनातला फरक तपासणे नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये घालावे. ज्यांची गाडी सतत जवळच्या फेऱ्या मारते, त्यांना ऑइल लवकर बदलण्याची सूचना ठळक अक्षरांत द्यावी. सध्या ती मागच्या पानावर बारीक टायपात आहे.

१५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. तोपर्यंत काढलेली चेन, टेन्शनर आणि गाईड भंगारात टाकू नयेत. स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घेण्यासाठी ते भाग मला हवे आहेत.

आपली,
एक ग्राहक