पेबॅक म्हणजे जातपंचायत नव्हे
संपादक महोदय, ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू लिअम जुरावरच्या रविवारच्या लेखात त्याच्या वार्लपिरी आदिवासी जमातीतल्या ‘पेबॅक’ या शिक्षेच्या रूढीची तुलना आपल्या जातपंचायतीशी केलीय, ती काही पटली नाही. पेबॅकमध्ये गुन्हेगार सगळ्यांसमोर उभा राहतो, मांडीत भाला खातो आणि वैर तिथंच मिटतं, निदान मिटायला हवं. ते कायदेशीर करा असं मी म्हणत नाहीये, पण 2007च्या ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्यानं तिथल्या नॉर्दर्न टेरिटरी प्रदेशातल्या जजला शिक्षा ठरवताना रूढीमुळे गुन्हा कमी-जास्त गंभीर धरायलाच बंदी घातली, हे जरा अतीच झालं. नातेवाइकावरच्या हल्ल्याच्या खटल्यात जुराला 2013मध्ये ज्युरीनं निर्दोष सोडलं, ठीकच, पण त्याच्या युएंडुमू गावातल्या कुटुंबांमधलं 2010पासूनचं भांडण कोर्टानं थोडंच मिटवलं?
– एक वाचक, सांगली