शिट्टी खुंटीला टांगलेल्या मित्रास

क्लीव्हलँड, ओहायो
२ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गाडीत होतो, ऑफिस गाठायची घाई होती, त्यामुळे धड बोलता आलं नाही. "शिट्टी वस्तादांच्या खुंटीला अडकवून आलो, आता फडात पाय ठेवणार नाही," असं शेवटी म्हणून तू फोन ठेवलास. तेव्हापासून ते वाक्य कानातून जात नाही. व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकून भागणार नाही, म्हणून आज निवांत बसून लिहितोय. लांबेल. वाच मात्र सगळं.

तू पंच होतास त्या कुस्तीची, तू पाठवलेली क्लिप मी किती वेळा पाहिली याला हिशेब नाही. समोरच्यानं ढाक डाव मारला, निळ्या लांगेचं पोरगं फिरत पडलं, डावा खांदा मातीला लागला, हलगी चढली आणि तू हात वर केलास. क्लिप थांबवली की दिसतं, उजवा खांदा जमिनीपासून चार बोटं वर आहे. पोरानं मानेवर सगळं अंग तोलून धरलंय. तू डाव्या अंगाला गुडघ्यावर होतास. मधे दोघांचे दंड. तिथून त्या खांद्याखालची फट दिसणं शक्यच नव्हतं. मोबाइल धरणारा उजवीकडं उंचावर बसला होता, त्याला दिसली. निकाल चुकला, हे खरं. पण तो तू तुझ्या डोळ्यांनी पाहून दिलास, कुणाच्या सांगण्यावरून नाही. त्यासाठी अंगावर माती आणि चपला याव्यात, याचा मला इथं बसून संताप येतो.

आमची ईरा शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते, त्यामुळं शुक्रवारी रात्री आम्ही फुटबॉलच्या मैदानावर असतो. इथला फुटबॉल म्हणजे चेंडू काखोटीला मारून घुसायचा खेळ. चार संधींत दहा यार्ड सरकलात तर पुन्हा चार संधी, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. ती दहा यार्ड मोजायला दोन काठ्यांना बांधलेली साखळी असते, आणि शाळांच्या सामन्यांत ती धरायला बहुतेक पालकच असतात. गेल्या वर्षीपासून एक काठी माझ्याकडं आहे. म्हणजे दोन-अडीच तास मी पंचांच्या हाताच्या अंतरावर उभा असतो आणि त्यांना मागून जे ऐकावं लागतं ते सगळं मलाही ऐकू येतं. गेल्या महिन्यात रेषेवरच्या पंचानं चूक दाखवायला फेकलेलं फडकं माझ्या बुटाशी पडलं. दंड मोजून झाल्यावर मी ते उचलून त्याच्या हातात दिलं. रुमालाएवढं पिवळं कापड, मधे वजनाची गाठ, आणि पूर्ण घामानं भिजलेलं. कडाक्याच्या थंडीत, दत्ता. त्या माणसाच्या हाताला घाम सुटला होता.

हे फडकं आमच्या घरापासून तास-सव्वा तासावरच्या यंगस्टाउनमधलं. आधी चूक दाखवायला पंच भोंगा किंवा शिट्टी वाजवायचे. गर्दीच्या आवाजात ते खेळाडूंनाच ऐकू जायचं नाही, मग प्रेक्षकांचं काय. तिथल्या कॉलेजचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांनी बायकोला काहीतरी शिवायला सांगितलं. अर्मा बीडींनी मुलीच्या जुन्या पोशाखातलं लाल कापड घेतलं, जुन्या चादरीचा पांढरा तुकडा घेतला आणि फेकल्यावर नीट पडावं म्हणून मासे धरायच्या गळाचे शिसे आत घातले. ऑक्टोबर १९४१ मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या सामन्यात ती फडकी पहिल्यांदा पडली. ती गोष्ट वाचली आणि मग जुन्या पंचांबद्दल मिळेल ते वाचतच गेलो. तुझ्या फोननंतर त्यातले काही जण फार आठवले.

सुरुवात इंग्लंडातल्या मुष्टियुद्धापासून करतो. १७४३ साली जॅक ब्रॉटननं नियम लिहिले. त्यात असं की, जमलेल्या सभ्य लोकांतून प्रत्येक मल्लानं आपला एकेक पंच निवडायचा आणि त्या दोघांचं जमलं नाही तर त्यांनी तिसरा नेमायचा. रेफरी म्हणजे हा तिसरा, ज्याच्यापुढं भांडण न्यायचं तो. अमेरिकी फुटबॉललाही आधी हीच खोड होती. दोन्ही कॉलेजं आपापला माणूस आणायची आणि तो वकिलासारखा आपल्याच बाजूनं भांडायचा. कुणाचाच नसलेला माणूस मधे उभा करायला या खेळांना फार वर्षं लागली.

आणि उभा केलेला माणूस खरंच कुणाचा नाही, हे लोकांनी मानायला तर त्याहून जास्त. वायट अर्प हे नाव तू ऐकलं असशील, टूमस्टोनच्या गोळीबारातला अमेरिकी पोलीस अधिकारी. २ डिसेंबर १८९६ ला सॅन फ्रान्सिस्कोत बॉब फिट्झसिमन्स आणि टॉम शार्की यांची मुष्टियुद्धाची लढत होती, बक्षीस १०,००० डॉलर. रेफरी कोण यावर दोन्ही बाजूंचं जमेना, तेव्हा लढत भरवणाऱ्या क्लबनं ऐनवेळी अर्पला आणलं. तो रिंगणात चढला तेव्हा कोटाखाली पिस्तूल होतं. पोलीस कॅप्टननं ते तिथंच काढून घेतलं. फिट्झसिमन्स सरळ सरळ वरचढ होता. आठव्या फेरीत शार्की कळवळून खाली पडला आणि अर्पनं ठोसा कमरेखाली लागल्याचं सांगून बक्षीस शार्कीला दिलं. बहुतेकांना तसा ठोसा दिसलाच नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं, पण शहरात अशी झुंज मुळात बेकायदा, म्हणून कोर्टानं हात झटकले आणि पैसे शार्कीलाच राहिले. अर्पला पिस्तुलापायी ५० डॉलर दंड झाला. त्यानं खरोखर पाहिलं की पैसे खाल्ले, यावर आजही वाद घालतात. मला त्यात खटकतं ते पिस्तूल. निकाल द्यायला येताना ज्याला हत्यार लागतं त्याच्यावर लोक विश्वास ठेवणार कसा? तुझ्याकडं एक शिट्टी आणि खांद्यावरचा टॉवेल असतो.

कुस्तीतला एक पंच सांगतो, शिकागोचा एड स्मिथ. ३ एप्रिल १९०८, फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकनश्मिट. दोन तासांहून अधिक कुस्ती चालली. गॉचनं अंगाला तेल लावलंय, हात सटकतोय, त्याला आंघोळ करून यायला सांगा, अशी हॅकनश्मिटची तक्रार. स्मिथचं उत्तर, हे कुस्ती लागायच्या आधी बघायचं होतं. शेवटी हॅकनश्मिटनं हार कबूल केली आणि पुढं कायम फसवणूक झाली म्हणत राहिला. आपल्याकडं जोड लागताना पंच दोघांच्या पाठीवरून हात फिरवतो, माती लावतो, ते किती शहाणपणाचं आहे हे मला ही कुस्ती वाचून कळलं.

आता जो सगळ्यात जास्त वेळ डोक्यात राहिला तो. २२ सप्टेंबर १९२७, शिकागोचं सोल्जर फील्ड, लाखभर माणूस. मुष्टियुद्ध, जॅक डेम्प्सी विरुद्ध जीन टनी, रेफरी डेव्ह बॅरी. नियम सांगून झालेला: पाडणाऱ्यानं लांबच्या मोकळ्या कोपऱ्यात जायचं, तोवर पडलेल्याची दहापर्यंतची मोजणी सुरू होणार नाही. सातव्या फेरीत डेम्प्सीनं टनीला पाडलं. आणि जुन्या सवयीनं तो तिथंच उभा राहिला. १९१९ च्या लढतीत जेस विलार्डला पाडताना तो असाच त्याच्या अंगाशी उभा राहून, तो उठला की पुन्हा मारत होता, तेव्हा ते चालायचं. बॅरी त्याला कोपरा दाखवतोय आणि डेम्प्सी हलत नाही. बाहेर वेळ मोजणारा पाचाशी पोचला, तेव्हा बॅरीनं एकापासून सुरू केलं. टनी नवाला उठला. म्हणजे जमिनीवर चौदाएक सेकंद. पुढं गुणांवर टनीच जिंकला. मी डेम्प्सीच्या बाजूनं वाचायला बसलो होतो, पण नियम बॅरीच्या बाजूनं आहे. मात्र पुढच्याच फेरीत टनीनं डेम्प्सीला क्षणभर पाडलं, तेव्हा बॅरीनं टनी कोपऱ्यात जायची वाट न बघता लगेच मोजायला सुरुवात केली. इथं मला त्याचं समर्थन करता येत नाही. एका फेरीत पाळलेला नियम दुसऱ्या फेरीत सुटला.

वरून येणारा दाब तुलाही माहीत आहे. यात्रा कमिटीचा माणूस येऊन कानाशी लागतो तोच. २५ नोव्हेंबर १९०५ ला हार्वर्ड-येल फुटबॉल सामन्यात हार्वर्डच्या बर नावाच्या खेळाडूनं चेंडू बिनविरोध झेलण्याची खूण केली होती, तरी येलवाल्यानं त्याच्या तोंडावर धडक दिली. नाक फुटलं. पंच पॉल डॅशिएल यांनी चूक दिली नाही. हे गृहस्थ नौदल अकादमीत रसायनशास्त्र शिकवायचे आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट हार्वर्डचे. रुझवेल्टनी त्यांच्याकडं जाब मागितला आणि त्यांची प्राध्यापकपदाची बढती काही महिने अडकवून ठेवली. मैदानावरच्या एका न वाजलेल्या शिट्टीपायी देशाचा अध्यक्ष माणसाच्या पोटावर पाय देतो, हे मला अजिबात पटत नाही. पण त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये युनियन कॉलेजचा हॅरल्ड मूर हा पोरगा खेळताना डोक्याला मार लागून गेला. त्या काळात पंचानं काणाडोळा करणं म्हणजे कुणाचा तरी जीव जाणं होतं. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढच्या दिशेला फेकायला परवानगी मिळाली, नुसती ढकलाढकल कमी झाली.

खाशाबांचं तर तुला मी काय सांगणार. हेलसिंकीत १९५२ ला जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाली आणि लगेच रशियाच्या मल्लाशी उभं केलं. मधली अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण ती मागायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. जबाबदार माणूस जागेवर नसला की काय होतं, ते आपल्या कराडच्या मातीनं भोगलंय.

आणि आता तो माणूस, ज्याच्यासाठी हे एवढं लिहिलं. रेड फ्रीझेल, कॉलेज फुटबॉलचा रेफरी. १६ नोव्हेंबर १९४०, हॅनोव्हर गावात कॉर्नेल विरुद्ध डार्टमाउथ. कॉर्नेल १८ सामने हरलेलं नव्हतं आणि शेवटच्या मिनिटाला ०-३ नं मागं होतं. चार संधी झाल्या, चौथ्या वेळचा फेकलेला चेंडू वाया गेला, चेंडू डार्टमाउथचा व्हायला हवा. रेषेवरच्या पंचानं तसं दाखवलंही. पण फ्रीझेलचा हिशेब चुकला होता. त्यानं कॉर्नेलला पाचवी संधी दिली. त्यावर चेंडू शेवटच्या रेषेपार गेला, कॉर्नेल ७-३ नं जिंकलं. सोमवारी सामन्याची फिल्म पाहिली तेव्हा फ्रीझेलला आपली चूक दिसली. नियमाप्रमाणं सामना संपला की रेफरीचा अधिकार संपतो, निकाल त्याला फिरवता येत नाही. त्याला गप्प बसता आलं असतं. त्यानं लेखी कळवलं की चूक झाली आणि ती माझी आहे. ते कळल्यावर कॉर्नेलनं तार करून सामना सोडून दिला. आज पुस्तकात तो निकाल डार्टमाउथ ३, कॉर्नेल ० असाच आहे.

दत्ता, फोनवर तू कमिटीबद्दल बोललास, चपला मारणाऱ्यांबद्दल बोललास, ती क्लिप पसरवणाऱ्यांबद्दल बोललास. त्या निळ्या लांगेच्या पोराबद्दल एक शब्द नाही बोललास. मी दोनदा विचारलं, तू दोनदा विषय बदललास. तुला शिट्टी टोचत नाहीये, ते पोरगं टोचतंय. वर्षभर दूध-बदाम खाऊन, पहाटे जोर काढून ते तुझ्यासमोर उतरलं आणि घरी हरून गेलं, हरलेलं नसताना. इनाम फिरणार नाही, तुझ्या हातात ते नाहीच. पण "खांदा टेकला नव्हता, मला दिसलं नाही" एवढं तू त्याला आणि त्याच्या वस्तादाला सांगितलेलं नाहीस. ते सांगितल्याशिवाय तू फडात उतर असं मी म्हणणार नाही. सांगून झाल्यावर मात्र मी तुला घरी बसू देणार नाही.

मी १८ डिसेंबरला पुण्यात उतरतोय. एकवीसला तुझ्याकडं. एकटं जायला जड वाटत असेल तर थांब, मी बरोबर येतो. पहाटे पाचला निघालो तर पोरं तालमीत माती उकरत असतानाच पोचू, नंतर ते निळ्या लांगेचं पोरगं शेतावर गेलं तर दिवसभर सापडायचं नाही. त्याच्या वस्तादाला आधी फोन करू नकोस, समोर जाऊनच बोल.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद-नमस्कार.

तुझा,
सुन्या