रोपांच्या दिव्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल पाचव्यांदा फोन केला. पंचवीस मिनिटं ताटकळल्यावर जे ऐकायला मिळालं, त्यानंतर फोन पुरे झाले. आता लेखी.

तुमचा चार पट्ट्यांचा एलईडी ग्रो लाइट मी जूनमध्ये घेतला. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला दुसऱ्या मजल्यावर राहतो, गॅलरीसमोर टॉवर उभा आहे, पावसाळ्यात भर दुपारीही घरात दिवा लावावा लागतो. भावाने मुरबाडहून पाठवलेलं गावठी वांग्याचं बी ट्रेमध्ये टाकलं, आठवड्याभरात रुजलं. दिवा वीतभर वर, रोज १६ तास, पत्रकात छापलंय तस्साच लावला. दहा दिवसांत रोपं बोटभर लांब झाली, दोऱ्यासारखी बारीक, टोकाला फक्त पहिली दोन पानं. मग एकेक करून आडवी पडली.

खोक्यावर ४० वॅट छापलंय. प्लगला मीटर लावून बघितलं, तर १७.

हे सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, रोपं उंच होतायत म्हणजे लाइट काम करतोय ना?" मी पुन्हा समजावलं. "मग वाढ होतेय, तक्रार काय आहे?" आणि वर, "नर्सरीत तयार रोपं स्वस्त मिळतात, मॅडम."

अहो, नवरात्रात घटाला पेरलेलं धान्य देवघराच्या काळोखात नऊ दिवसांत वीतभर वाढतं, पिवळं आणि लुसलुशीत. ते वाढलं म्हणून कोणी शेतात नेऊन लावतं का? उजेड कमी पडला की रोप उजेड शोधत ताणतं, खोडात जोर धरत नाही. रोपांचे दिवे विकणाऱ्यांना हे मी सांगायचं? आणि माझ्या भावाचं बी कुठल्या नर्सरीत मिळतं?

मेलवर लुमेनचा आकडा पाठवलात. लुमेन हे उजेडाचं माप, पण ते माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने असतं. रोप ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतं, तो किती पोचतो ते खोक्यावर कुठेच नाही. जास्वंदाच्या फांद्यांना याच दिव्याखाली मुळं फुटली हे खरं, पण मुळं फुटेपर्यंत फांदीला मंद उजेड पुरतो. रोपांना पुरत नाही.

टायमरही लाइट गेली की बंद पडतो आणि लाइट आली तरी बंदच राहतो. तो म्हणे वॉरंटीत येत नाही.

परत सांगते, ४० छापलंय, १७ भरतात. घरातले सगळे बल्ब तुमचेच आहेत, म्हणून विश्वासाने घेतला होता. फार वाईट वाटलं.

१५ दिवसांत पूर्ण पैसे परत करा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही. बिल, मीटरचा आणि रोपांचा फोटो जोडला आहे. दिवा खोक्यात भरून ठेवलाय, माणूस पाठवून घेऊन जा.

एक ग्राहक, ठाणे (पश्चिम)