पेरूला लागलेलं रक्त

चि. अमोल, अनेक आशीर्वाद.

फोनवर काही सांगायला घेतलं की तू हो अण्णा हो अण्णा करतोस आणि मीटिंग आहे म्हणून ठेवतोस, म्हणून लिहायला बसलोय. एका बोटाने टाईप करतोय, चुका सांभाळून घे.

दिवाळीत परसातला पेरू खात होतास. पहिला घास तोडलास आणि पांढऱ्या गरावर लाल डाग उमटला, तू गपकन पेरू फिरवलास आणि दुसऱ्या बाजूने खायला लागलास. आई चकल्या तळत होती, तिला नाही दिसलं, मला दिसलं. तेव्हाच बोलणार होतो पण सणासुदीला कुठे विषय काढायचा म्हणून गप्प बसलो, आणि खरं सांगायचं तर बोलायचा मला काय अधिकार. तीस वर्षं तालुक्याच्या लॅबमध्ये लोकांच्या रक्ता-थुंकीतले जंतू काचेखाली बघण्यात गेली, आणि माझ्याच हिरड्यांतून रोज सकाळी रक्त यायचं तर मी नुसते ब्रश बदलत बसलो. ज्या बाजूला रक्त येतं तिकडे घासायचंच बंद केलं, म्हणजे कीटण आणखी साचलं आणि रक्त आणखी वाढलं.

२०२२ ची गोष्ट तुला अर्धीच माहिती आहे. अँजिओप्लास्टी झाली एवढं कळवलं तुला, पण त्याच्या आधी महिनाभर माझा डावीकडचा खालचा जबडा दुखत होता. दाढ हलत होतीच, म्हटलं दाढच दुखतेय. लवंगेच्या तेलाचा बोळा धरला, मिठाच्या गुळण्या केल्या. टाकी बघायला गच्चीवर गेलो की दुखायचं, खाली येऊन खुर्चीत टेकलो की थांबायचं. दाताला जिना कळत नाही रे, पण ते माझ्या डोक्यात आलंच नाही. शेवटी एके दिवशी जिन्यातच दरदरून घाम फुटला, शेजारच्यांनी गाडीत घातलं आणि ईसीजी काढल्यावर कळलं दुखणं कुठलं आहे ते. हार्टची कळ छातीतच येते असं नाही, खांद्यात, हातात, जबड्यातही येते. हे तू पण लक्षात ठेव, चालताना जबडा दुखला आणि बसल्यावर थांबला तर दातांच्या डॉक्टरकडे जायचं नाही, सरळ ईसीजी.

दुसरा शहाणपणा त्याच्या आठ महिन्यांनी केला, तो तर आईलाही माहीत नाही. ती दाढ काढायची ठरली. कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना दात काढला तर रक्त थांबत नाही, म्हणून मी तीन दिवस गोळ्या मनानेच बंद केल्या आणि मोठ्या ऐटीत खुर्चीत जाऊन बसलो. डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, शेवटची गोळी कधी घेतली. सांगितल्यावर हातातलं सगळं खाली ठेवलं. म्हणाल्या, काका, दाढेतून रक्त आलं तर मी बोळा दाबून थांबवीन, हार्टच्या नळीत बसवलेल्या जाळीत, त्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर मी काय दाबू? तिथल्या तिथे हार्टच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळ्या परत सुरू करायला लावल्या. पुढे त्यांच्याशी बोलून, गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढली, एक टाका पडला, अर्धा तास बोळा चावून बसलो, थांबलं रक्त.

दाढ काढायच्या आधी त्यांनी हिरड्या मोजल्या होत्या. हे मोजतात हेच मला माहीत नव्हतं. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट बारीक सळी असते, ती दात आणि हिरडीच्या मधे हलकेच घालतात, एका दाताभोवती सहा ठिकाणी, आणि आकडा मोठ्याने सांगतात, शेजारची पोरगी लिहून घेते. तीन, दोन, तीन, पाच, सहा... तीनपर्यंत ठीक असतं. माझे मागचे दात आले आणि सात ऐकू आलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे रिपोर्ट लिहिले पण स्वतःचा असा कानाने ऐकायची वेळ पहिल्यांदा आली. आकडा मोठा म्हणजे दात आणि हिरडीच्या मधला खड्डा खोल, त्यात जंतू राहतात, आतली कातडी सोललेली असते, आणि चावलं, घासलं की थोडे थोडे जंतू सरळ रक्तात. अंगात कुठेतरी सतत सूज आहे म्हटल्यावर लिव्हर सीआरपी नावाचं सूज दाखवणारं प्रोटीन सोडत राहतं, आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला हे मानवत नाही. तुंबलेल्या धमन्यांतून काढलेल्या थरात हिरडीतल्या जंतूंचा डीएनए पण सापडलाय.

आता हे वाचून तू लगेच ग्रुपवर टाकशील की दात साफ ठेवा हार्ट अटॅक टाळा. तसं नाहीये. फिनलंडमध्ये १९८९ साली हार्ट अटॅकचे १०० पेशंट आणि दुसरी १०२ माणसं घेऊन त्यांचे दात तपासले, अटॅकवाल्यांचे जास्त खराब निघाले, तेव्हापासून हा विषय चालू आहे. लंडनमध्ये १२० लोकांवर केलेलं काम २००७ साली छापून आलं, हिरड्यांची कसून सफाई केल्यावर दुसऱ्या दिवशी रक्तवाहिन्या उलट बिघडल्या, पण सहा महिन्यांनी आधीपेक्षा चांगल्या चालायला लागल्या. तरी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळं चाळून सांगितलं की संबंध आहे, पण हिरड्यांमुळेच हार्ट बिघडतं हे सिद्ध नाही, आणि हिरड्या बऱ्या केल्या की अटॅक टळतो हेही नाही. सिगारेट आणि शुगर दोन्हीकडे नासधूस करतात, त्यामुळे कुणाचा वाटा किती ते वेगळं काढणं अवघड. म्हणजे माझ्या ब्लॉकला माझी हिरडी जबाबदार असं मी म्हणत नाही, तळलेलं खाणं होतं, बीपी होतं. पण अंगात वीस वर्षं पू ठेवून फिरलो हे तर खरं ना.

सिगारेटवरून आठवलं. तू ओढतोस हे मला माहिती आहे, आईला सांगितलेलं नाही. ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, निकोटीनने बारीक नसा आवळल्या जातात, वरून सगळं ठीक दिसतं आणि आत हाड झिजत राहतं. तुझं ओढूनसुद्धा पेरूला डाग पडतोय याचा विचार कर. सोडलीस तर सुरुवातीला रक्त जास्त दिसेल, त्याने घाबरून परत सुरू करू नकोस. तुझी आजी मिसरी लावायची, पन्नाशीतच तिचे दात हातात आले, आपण म्हणालो वय झालं. पन्नाशी म्हणजे काय वय असतं?

आणि दात साफ केले की हलतात हे आत्याचं ऐकू नकोस. मला पण दोन दिवस तसंच वाटलं, थंड पाणी लागायचं, दातांत फटी दिसायला लागल्या. त्या आधीपासूनच होत्या, कीटणाने बुजल्या होत्या एवढंच.

आईचं पण एक निघालं. तिच्या दोन दातांच्या मधली हिरडी फुगून वर आली होती, बाईंनी बीपीची गोळी कुठली विचारली, अम्लोडिपिन निघाली, त्या गोळीने काहींच्या हिरड्या अशा वाढतात. आपल्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, आता उतरतंय.

तू पुढच्या शुक्रवारी येणार आहेस ना, शनिवारी सकाळी अकराची दातांच्या बाईंकडे तुझी वेळ घेऊन ठेवली आहे, त्या विचारतील म्हणून तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) तिकडेच करून रिपोर्ट घेऊन ये. हेल्थ चेकअपमध्ये झाली होती म्हणू नकोस, ती दीड वर्षापूर्वीची आहे, मी फाईल बघितली. मी पण बरोबर येणार आहे, माझे आकडे परत मोजायचे आहेत, मागच्या वेळी सातचे पाच झाले होते.

आई विचारतेय ज्वारीचं पीठ दळून ठेवू का न्यायला.

तुझे
अण्णा