सीपॅप आधी वापरायला द्या, मग विका

संपादक महोदय,

वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनीअरिंग कारखान्याचं स्टोअर मी निवृत्त होईपर्यंत सांभाळलं. चलन, बिल आणि माल तिन्ही जुळल्याशिवाय सही करायची नाही, ही तिथली सवय. स्लीप अ‍ॅप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी, सीपॅप मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा ती कामी आली, म्हणून हे पत्र.

माझं घोरणं हा घरात थट्टेचा विषय होता. पुढे सौ.च्या लक्षात आलं की घोरता घोरता मी मधेच गप्प होतो आणि मग दचकून श्वास ओढतो. टीएमटीच्या बसमध्ये, रिक्षात, बँकेत टोकन घेऊन बसलो तरी डोळा लागायचा. छातीच्या डॉक्टरांनी घरच्या घरी झोपेची तपासणी करून घेतली. तासाला ३८ वेळा श्वास अडकत होता. पाचपर्यंत ठीक समजतात, तीसच्या वर तीव्र. रात्रीत रक्तातला ऑक्सिजन ७६ टक्क्यांपर्यंत उतरला होता. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं : ऑटो सीपॅप, प्रेशर ६ ते १४, ह्युमिडिफायरसह (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी).

मशीनच्या आत म्हणाल तर एक छोटा ब्लोअर, प्रेशर मोजणारा सेन्सर आणि फिल्टर. नळीतून हवेचा दाब येतो आणि झोपेत मिटणारा घसा तो उघडा धरतो. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय १९८१ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे कल्पना काही कालची नाही. साधं सीपॅप रात्रभर एकच दाब देतं. ऑटो गरजेप्रमाणे दाब वर-खाली करतं. बायपॅप श्वास आत घेताना एक आणि सोडताना दुसरा, कमी दाब देतं. ज्यांना फार जास्त दाब लागतो किंवा ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, अशांना ते लागतं.

सर्जिकलच्या दुकानात मात्र मी कागद पुढे करताच, "काका, बायपॅपच घ्या, वरचं मॉडेल आहे," हे ऐकावं लागलं. ऑटो सीपॅप ४६ हजार, बायपॅप ८० हजार. डॉक्टरांचा कागद म्हणजे आमच्या भाषेत परचेस ऑर्डर. त्यावर नसलेला माल उतरवून घ्यायचा कशाला? कोटेशनवर जीएसटी १२ टक्के लावला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे, हे सांगितल्यावर दुसरं कोटेशन निघालं. मास्कचे साडेसहा हजार त्यातही नव्हते. "तो वेगळा असतो," असं शांतपणे सांगण्यात आलं. मास्कशिवाय हे मशीन टेबलावरचा पंखासुद्धा नव्हे, पण किंमत सांगताना तो कुणी धरत नाही.

विम्याचं थोडक्यात सांगतो. माझ्या पॉलिसीत घरी वापरायची उपकरणं वगळलेली आहेत आणि त्या यादीत सीपॅपचं नाव स्वच्छ छापलेलं आहे. माझे मेहुणे केंद्र सरकारचे पेन्शनर. त्यांना सीजीएचएस या सरकारी आरोग्य योजनेतून ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे मिळतात. खासगी कारखान्यातून निवृत्त झालेल्याने फंडातून काढायचे.

पण ४६ हजारांपेक्षा मला जास्त खटकलं ते वेगळंच. चप्पल घेतानाही माणूस दुकानात चार पावलं चालून बघतो. हा मास्क रात्रभर तोंडावर बांधायचा आणि डबा फोडला की परत घेणार नाहीत. स्वच्छतेच्या दृष्टीने त्यांचंही बरोबर आहे. पण तीन जातीचे मास्क असतात : नाकपुड्यांत बसणारा, नाक झाकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. मला मिशी आहे आणि झोपेत तोंड उघडं राहतं. नाकाच्या मास्कमध्ये हवा तोंडावाटे निघून जाते आणि घसा कोरडा पडतो. मोठ्या मास्कच्या कडेतून मिशीपाशी हवा फुसफुसते. हे दुकानातल्या खुर्चीत दोन मिनिटं बसून कळत नाही, आडवं होऊन कुशीवर वळल्यावर कळतं. पट्टे फार आवळले तर गळणं उलट वाढतं, हेही वापरल्यावरच उमगतं.

शेवटी एका दुकानदाराने महिना चार हजारांवर मशीन भाड्याने दिलं आणि त्या महिन्यात मास्कचे दोन आकार बदलून दिले. सकाळी पडद्यावर किती तास वापरलं, किती गळलं, तासाला किती वेळा श्वास अडकला, सगळं दिसतं. ३८ चा आकडा चारवर आला, तेव्हा मी विकत घ्यायचं ठरवलं. रात्री दिवे गेले तर गुदमरायला होईल, ही सौ.ची भीतीही त्याच महिन्यात गेली. मोठ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व्ह असतो. ह्युमिडिफायर आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात मी जवळजवळ बंदच ठेवतो. एसी लावून झोपणाऱ्यांच्या नळीत उलट पाणी साचतं.

भाड्याने देणारे दुकानदार थोडे, आणि महिन्याचे चार हजारही सगळ्यांना झेपत नाहीत. आपल्याकडे मंडळं आणि ज्येष्ठ नागरिक संघ रुग्णसाहित्य केंद्रं चालवतात. फाउलर खाट, व्हीलचेअर, वॉकर, वॉटरबेड अनामत रक्कम ठेवून मिळतात. करोनात अनेकांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही घेतले. त्याच कपाटात दोन-तीन ऑटो सीपॅप का नसावेत? महिनाभर वापरून बघा, जमलं तर स्वतःचं घ्या. मशीनसाठी निधीही फार लागणार नाही. मास्क न जमल्याने किंवा माणूस गेल्याने कितीतरी घरांत ही मशीन माळ्यावर पडून आहेत.

जुनं मशीन दान घेताना मात्र स्टोअरकीपरचा डोळा हवा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनवलेली अनेक सीपॅप आणि बायपॅप जगभरातून परत बोलावली. आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. त्यामुळे सीरियल नंबर तपासल्याशिवाय असं मशीन कपाटात ठेवू नये. मोटर एकूण किती तास चालली हे आतल्या मेनूत दिसतं, ते नोंदवहीत उतरवावं. फिल्टर, नळी आणि पाण्याची टाकी प्रत्येकाला नवी द्यावी. मास्क ज्याचा त्यानेच आणावा, तो वाटून वापरायची वस्तू नाही. आधीच्या माणसाचं मेमरी कार्ड काढून घ्यावं. आणि डॉक्टरांनी प्रेशर लिहून दिलेला कागद आणल्याशिवाय मशीन हातात देऊ नये, मागणारा कितीही ओळखीचा असो.

आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांच्या पश्चात त्यांचं ऑटो सीपॅप पडून आहे. सीरियल नंबर मी तपासला, ते परत बोलावलेल्यांपैकी नाही. त्यांचा मुलगा ते द्यायला तयार आहे, घेणारं केंद्र हवं. वर्तकनगर, लोकमान्यनगर, शिवाईनगर भागात कुणी असं केंद्र चालवत असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. पहिल्या वर्षाचे फिल्टर मी देईन आणि नोंदवहीही लिहीन.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर
वर्तकनगर, ठाणे (प.)