विनोदी चित्रपटाला सवलतीचे गुण नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील चित्रपट-परीक्षणे मी गेली अनेक वर्षे आवर्जून वाचतो. थोडक्या पैशांत, कोणत्याही मोठ्या निर्मितीसंस्थेच्या पाठबळाविना काढलेल्या विनोदी चित्रपटांविषयी लिहिताना त्यांत एक सूर वारंवार लागतो: तांत्रिक बाजू बेताची आहे, पण धडपड प्रामाणिक असल्याने प्रेक्षकांनी सांभाळून घ्यावे. त्यामागची सद्भावना मला मान्य आहे. तरीही हा सूर खटकतो, कारण अशा चित्रपटांतील उत्तम विनोद पुष्कळदा पैशांच्या चणचणीतूनच जन्मलेला असतो आणि त्याला कुणी सांभाळून घेण्याची मुळीच गरज नसते.

केव्हिन स्मिथ यांचा ‘क्लर्क्स’ (१९९४) हा चित्रपट २७,५७५ डॉलरांत चित्रित झाला. स्मिथ ज्या दुकानात नोकरी करत, त्याच दुकानात रात्री, गिऱ्हाइकांची वर्दळ संपल्यावर चित्रीकरण चाले. कथा मात्र दिवसा घडणारी. बाहेरचा अंधार खिडकीतून दिसता कामा नये म्हणून दुकानाची शटर बंदच ठेवावी लागली. मग ती दिवसाढवळ्या बंद का, याचे कारण पटकथेत आले: कुणीतरी कुलपात च्युइंगगम कोंबले आहे. त्यावर नायकाने काय करावे, तर एका चादरीवर बुटांच्या पॉलिशने दुकान उघडे असल्याची ग्वाही लिहून ती बाहेर टांगावी! सुटीच्या दिवशी नाइलाजाने कामावर आलेल्या त्या माणसाची सगळी कुचंबणा त्या एका चादरीत दिसते. दिवसा चित्रीकरण करण्याइतके पैसे हाताशी असते, तर ही चादर कुणाला सुचली असती, असे मला वाटत नाही.

‘मॉन्टी पायथॉन अँड द होली ग्रेल’ (१९७५) या चित्रपटाची गोष्टही अशीच आहे. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून राजा आर्थर पायीच दुडक्या चालीने येतो आणि मागून त्याचा सेवक नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटून टापांचा आवाज काढतो. एवढ्यावरच हे थांबले असते, तर ती निव्वळ युक्ती ठरली असती. परंतु किल्ल्यावरचा पहारेकरी त्या करवंट्या ओळखतो, थंड प्रदेशात नारळ आलाच कुठून असे विचारतो आणि पाकोळीएवढा पक्षी नारळ वाहून आणू शकेल का, यावर अत्यंत गंभीर वाद सुरू होतो. उणीव झाकण्याऐवजी ती चारचौघांत उघड मांडायची आणि तिच्यावरच पुढचा मजला चढवायचा, ही रीत विनोदाला जशी साधते तशी ती अन्य प्रकारांना क्वचितच साधते. युद्धपटातील खोटा घोडा प्रेक्षकाला कथेबाहेर फेकतो. येथे तोच प्रेक्षकाला कथेत ओढून घेतो.

काही वर्षांपूर्वी मित्रांनी मिळून काढलेल्या अर्ध्या तासाच्या एका विनोदी चित्रपटात ध्वनिमुद्रणाचे काम माझ्याकडे होते. काठीला बांधलेला माइक डोक्यावर धरून उभा असताना एका प्रसंगात मला हसू आवरेना. हात हलला, माइकची सावली भिंतीवर नाचली आणि तो टेक वाया गेला. आठव्या टेकला मात्र आमच्यापैकी कुणालाच हसू येत नव्हते. पुढे संकलन करताना प्रश्न उभा राहिला, की पहिल्यांदा आलेले हसू खरे मानायचे की आठव्या वेळची शांतता? अखेर दहा-बारा ओळखीच्या माणसांना बसवून चित्रपट दाखवला. दिग्दर्शक पडद्याकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत होता. एका वाक्यानंतर हशा पिकला आणि त्यात पुढचे वाक्य बुडाले, हे त्याने टिपले. त्याच रात्री त्याने तेथे अर्ध्या सेकंदाची, म्हणजे बारा फ्रेमची, उसंत वाढवली. त्यासाठी त्याला कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही. थोडक्या पैशांतल्या विनोदी चित्रपटाचे मला सर्वांत मोठे आकर्षण वाटते ते हेच. विनोद अर्ध्या सेकंदावर जगतो किंवा मरतो, आणि तो अर्धा सेकंद ज्याच्या कानाला जाणवला त्याच्याच हाती राहतो.

जपानच्या शिनिचिरो उएदा यांच्या ‘वन कट ऑफ द डेड’मध्ये (२०१७) तर पैशांची, माणसांची आणि वेळेची ओढाताण हाच कथेचा गाभा आहे. सुमारे ३० लाख येनांत, फारशी ओळख नसलेल्या कलाकारांना घेऊन काढलेल्या या चित्रपटाची पहिली ३७ मिनिटे एकाच सलग टेकमध्ये घडतात. त्यांत पात्रे विनाकारण थबकतात, संवाद रेंगाळतात, आणि हे सारे नवशिक्यांचे काम आहे असे आपण मनोमन ठरवून टाकतो. पुढे त्या प्रत्येक चुकीचा उलगडा होतो आणि हसता हसता त्या मंडळींविषयी विलक्षण माया वाटू लागते. उलगडा कसा होतो ते येथे सांगत नाही. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. सुरुवातीला दोन चित्रपटगृहांत लागलेल्या या चित्रपटाने पुढे ३०० कोटी येनांहून अधिक कमाई केली.

थोडक्या पैशांतला प्रत्येक विनोदी चित्रपट चांगला असतो, असा माझा दावा नाही. पुष्कळ चित्रपट ध्वनीपायी बुडतात: प्रतिमा अंधुक असली तरी हसू येते, पण वाक्यातला नेमका शब्द ऐकू आला नाही तर विनोद तेथेच संपतो. काहींना कात्री चालवणारे परके डोळे न मिळाल्याने ते लांबतात. हे दोष परीक्षकाने रोखठोक सांगावेत.

माझी विनंती एवढीच आहे, की अशा चित्रपटांच्या परीक्षणांतून खर्चाविषयीची सहानुभूती वगळावी आणि ती जागा एखाद्या प्रसंगाच्या बारकाईच्या वर्णनाला द्यावी: हसू नेमके कोठे आले, कोणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबला होता, कोणता विनोद फसला आणि कशामुळे. तसेच चित्रपट कोठे पाहता येईल, हेही शेवटी छापावे, कारण जाहिरातीला पैसे नसलेल्या या मंडळींचा पत्ता वाचकाला बहुधा तेथेच लागतो.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक